मुठीतला रुपया

त्या दिवशी करुणानं बारामतीच्या बाजारातून खायचा सोडा आणि चपात्या गुंडाळायचा चंदेरी कागद आणला. एवढीच काय ती सुरुवात. आता सोड्यानं आणि कागदानं कुणाच्या घरावर काही ओढवतं का? मीही आधी हसलोच होतो. पण ऐका तर खरं.

करुणा हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायची. जळोचीत घर, अंगणात कढीपत्ता, एकुलती लेक साक्षी बाळंतपणाला आलेली. करुणाची आई, अक्काबाई, तिकडं इंदापूरच्या बाजूला धाकट्या लेकाकडं, रविंद्रकडं असायची. ऊसतोड सुरू झाली आणि अक्काबाई गेली. झोपेतच गेली, कुणाला त्रास नाही. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर रविंद्रनं बहिणीच्या हातात एक कापडी पिशवी ठेवली.

"ताई, हे आता तुझ्याकडं. म्हातारी म्हणायची, साक्षीच्या लेकराला पयल्यांदा रुपयाच धरू दे. इसरू नगंस."

पिशवीत चांदीचे पाच रुपये होते. जुने, काळेकुट्ट, राजाचं तोंडसुद्धा दिसत नव्हतं. घरात बाळ जन्मलं की अक्काबाई त्याच्या इवल्या मुठीत एक रुपया द्यायची, वरून आपली मूठ मिटायची, बाळाचा अंगठा त्यावर दाबायची, आणि रुपया परत पिशवीत. तिच्या आईनं तिचं असंच केलेलं. म्हणून एक रुपया तिचा स्वतःचा, एक करुणाचा, एक रविंद्रचा, एक साक्षीचा. पाचवा कोरा, येणाऱ्या बाळासाठी. कुठला कुणाचा हे फक्त तिला ठाऊक. अंधारातसुद्धा पिशवीत हात घालून बोटानं चाचपून सांगायची, "ह्यो रव्याचा."

आणि एक मात्र ती बजावून सांगायची. "ह्यास्नी पानी लावायचं न्हाय. पोराचं पयलं धरणं हाय त्यात."

करुणाला आईची फार आठवण यायची. तिच्या फोनमध्ये आईच्या अंगठ्याचा ठसा अजून तसाच होता. साक्षीच्या लग्नाचे फोटो बघायचा म्हातारीला नाद, म्हणून करुणानं स्वतःच्या अंगठ्याबरोबर तिचाही घालून ठेवलेला. आई गेल्यावर तो काढून टाकायला तिचं मन धजेना. पण आठवण वेगळी आणि विज्ञान वेगळं. नव्या जिवाच्या हातात असला कळकट रुपया द्यायचा? ते तोंडात नाही का घालणार?

जावई अनुपला जुन्या नाण्यांचं भारी वेड. त्यानं रुपये बघितले, कडेला धरून, अगदी अलगद.

"आई, यांना काही करू नका बरं का. फार तर शुद्ध पाण्यात भिजवायचे आणि मऊ कापडानं टिपून घ्यायचे. घासायचं नाही. चिंच, लिंबू, सोडा, टूथपेस्ट, काही काही लावायचं नाही. तो काळा थर म्हणजे नाण्याची कातडीच असते."

"अहो अनुपराव, कातडी कसली? गंधक आहे तो," करुणा हसली. "दर वर्षी पोरांना शिकवते मी. फळ्यावर समीकरण मांडून दाखवू का?"

अनुपनं रुपये परत पिशवीत ठेवले. सासूबाईंपुढं तो बिचारा किती बोलणार?

दुपारची वेळ. साक्षी आत झोपलेली, लाइट गेलेली, पंखा थांबलेला. कारखान्याच्या मळीचा तो ओळखीचा आंबूस वास खिडकीतून येत होता. करुणानं काचेच्या वाडग्यात चंदेरी कागद अंथरला, रुपये मांडले, सोडा टाकला आणि उकळतं पाणी ओतलं. फस्सकन फेस आला. नासक्या अंड्यासारखी घाण सुटली. हे असं होणारच होतं, गंधक सुटताना वास येतोच, म्हणून ती निवांत बघत राहिली.

मग तो वास विरला आणि दुसरा आला. भाजलेल्या तंबाखूचा, मिश्रीचा. घरात मिश्री लावणारं कुणी नव्हतं. लावायची ती फक्त अक्काबाई.

"शेजारी कुणीतरी..." करुणा स्वतःशीच म्हणाली आणि चिमट्यानं रुपये बाहेर काढले.

चांदी लखलखत होती. पण चार रुपयांवर एकेक काळा डाग तसाच राहिलेला. मसुराएवढा. तिनं चष्मा लावून बघितलं. डागात बारीक बारीक रेषा होत्या, गोल गोल फिरत गेलेल्या. पाचव्यावर डाग नव्हता.

इथं थांबली असती तर! पण बाई हट्टाची. टूथपेस्ट घेतली, जुना ब्रश घेतला आणि खसाखसा घासलं. डाग सहजासहजी जाईनात, अगदी धरून बसलेले. शेवटी गेले. पाचही रुपये तिनं टॉवेलवर ओतले, आणि तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं की आता कुठला कुणाचा हे कुणालाच सांगता येणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविंद्रचा फोन.

"ताई, रेशनच्या मशीनवर माझा अंगठाच लागंना बघ. दुकानदार म्हणतो, शेतात राबून झिजलाय. पर परवापतुर लागत हुता की."

"हात नीट धू आणि परत लाव," करुणा म्हणाली.

शाळेत हजेरीच्या मशीननं तिचा अंगठा घेतला नाही. फोन अंगठ्यानं उघडेना, आकडे घालावे लागले. तिनं उजेडात अंगठा धरला. गुळगुळीत. एक रेघ नव्हती त्यावर.

संध्याकाळी साक्षी म्हणाली, "आई, माझा फोन अंगठाच घेत नाहीये गं. बोटं सुजलीत का माझी?"

करुणानं लेकीचा हात हातात घेतला, अंगठा बघितला आणि पटकन सोडून दिला. "होतं असं या दिवसांत," ती म्हणाली.

तेव्हापासून तिच्या जिवाला एकच घोर लागला. आपले अंगठे गेले तर गेले, पण बाळाचं काय? त्याच्या हातात कोराच रुपया पडला पाहिजे. त्याचं पहिलं धरणं त्याचं स्वतःचं असलं पाहिजे. ती पाच रुपये ओट्यावर मांडून बसायची. रुपयांवरची सालं वेगवेगळी होती, पण कुठलं साल कुणाचं हे तिनं आईला कधी विचारलंच नव्हतं, आणि डाग नसलेल्या रुपयाचं सालही बघून ठेवलं नव्हतं. डोळे मिटून बोटानं चाचपून बघायची. सगळे सारखेच गार. अनुपला दाखवले तर त्यानं कपाळावर हात मारून घेतला.

"आई, आता काही कळायचं नाही हो यांच्यातलं..."

"चुकलं माझं," करुणा म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच जावयापुढं असं म्हणाली.

साक्षीला मुलगी झाली. भर दुपारी, सुखरूप. करुणा पाळण्याजवळ उभी राहिली, पिशवीत हात घातला. एक रुपया बोटाला किंचित उबदार लागला. हाच असेल, हाच कोरा, असं मनाशी म्हणत तिनं तो बाळाच्या मुठीत दिला आणि वरून आपली मूठ मिटली.

बाळानं रुपया असा घट्ट धरला की सोडवेना. सोडवला तेव्हा त्यावर काळा ठिपका उमटलेला होता, मसुराएवढा, बारीक रेषांचा. करुणाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिनं बाळाचा अंगठा उजेडाकडं केला. रेषा होत्या, स्पष्ट होत्या! "माझी बाय ती!" म्हणत तिनं त्या अंगठ्याचा मुका घेतला.

एवढ्यात रविंद्रचा निरोप आला, बाळाचा फोटो पाठव म्हणून. करुणानं फोन बाळाशेजारी दुपट्यावर ठेवला आणि डोळे पुसायला चष्मा काढला. बाळाचा हात हलला. इवला अंगठा फोनवर, नेमका अंगठा लावायच्या जागी, टेकला.

फोन उघडला.

करुणानं तो बंद केला. स्वतःचा अंगठा लावला. उघडला नाही. तिच्या फोनला दोनच अंगठे माहीत होते, एक तिचा आणि एक...

तिनं बाळाचा अंगठा पुन्हा टेकवला. फोन उघडला. साक्षीच्या लग्नातला फोटो समोर आला, अक्काबाई मधोमध बसलेली.

"आई," खाटेवरून साक्षीनं दमल्या आवाजात विचारलं, "कोराच दिलास ना गं?"

करुणानं फोन पालथा ठेवला. बाळ तिच्याकडं टक लावून बघत होतं, आणि त्याच्या मुठीला मिश्रीचा वास येत होता.