डॉक्टरांचं मनगट

त्या संध्याकाळी आम्ही निघालो होतो ते मतं मागायला, भुतं बघायला नव्हे. आयर्लंडमधल्या नावन गावातून मी काउंटी कौन्सिलसाठी, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारख्या सभेसाठी, उभी होते. निवडून आले तर हॉस्पिटलमधली डॉक्टरकी सोडायची, असं माझं ठरलं होतं. वॉर्डात एकेक पेशंट बघून किती जणांना पुरणार, वर जाऊन नियम बदलले तर सगळ्या गावाचं भलं होईल, असं मला मनापासून वाटायचं.

मे महिना, त्यामुळे उजेड अजून भरपूर होता. गावाबाहेरचं एकच घर उरलं होतं. त्याच्या भिंतीवर पाटी होती. इथे जन्मलेले डॉक्टर अमेरिका नवी नवी असताना तिकडे गेले, वैद्यकी सोडून राजकारणात शिरले आणि खूप मोठे झाले, असं काहीसं लिहिलेलं.

"मुक्ता, तुझ्याच लाइनचे दिसतायत," माझा नवरा चारुदत्त गाडीतूनच म्हणाला. "पटकन आटप."

मी दार वाजवलं. आतून विझलेल्या शेगडीचा, ओल्या राखेचा वास आला. दार कधी उघडलं ते कळलंच नाही. समोर काळ्या कोटातले म्हातारे गृहस्थ. मी पत्रक पुढे केलं. ते त्यांनी घेतलं नाही, हात मात्र पुढे केला.

मला एक खोड आहे. कुणाचा हात हातात आला की माझी बोटं आपसूक मनगटावर सरकतात. चारुदत्त त्यावरून चिडवतोसुद्धा. तशी ती सरकली.

खाली काहीच नव्हतं… जरा वर दाबून पाहिलं. काहीच नाही.

"मीही असाच शोधायचो," ते हळूच म्हणाले.

पाटीवरचे डॉक्टर ते हेच, हे मला तेव्हा कळलं.

"वैद्यकी सोडलीत… ते चुकलं का?" मी विचारलं.

"नाही. कायदे चांगले केले. खूप हात हातात घेतले… पण मग नाडी लागेनाशी झाली. हातात नुसतं मत यायचं."

गाडीशी आले तर चारुदत्त विचारायला लागला, कुलूप घातलेल्या दारापाशी एवढा वेळ काय करत होतीस. मी फार घाबरले होते. निवडून आले तरी हॉस्पिटल सोडणार नाही, एवढंच त्याला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात एका आयरिश आजींचं मनगट धरलं. मॉनिटरवर नाडी छान चालली होती. माझ्या बोटांना लागत नव्हती. "आय ॲम ग्रँड, डॉक्टर," मी अगदी ठणठणीत आहे, अशा अर्थाने आजी हसून म्हणाल्या. मी हात सोडला नाही. आणि माझ्याच तोंडून, अगदी गोड आवाजात, प्रश्न आला…

"मत कुणाला देणार?"