जीप मागे घ्या

रियाधच्या अल मलाझ भागातल्या कॅमेऱ्याच्या दुकानात भाड्याने द्यायची मोठी लेन्स एकच होती, आणि तिच्यावर दोन हात एकदमच पडले. एक माझा. दुसरा... उन्हाने रापलेला, मनगटावर भाजल्याची जुनी खूण असलेला.

"मी आधी विचारलंय," मी इंग्रजीत म्हटलं.

तो दुकानदाराला हिंदीत विनवू लागला, की मी जुबैलहून पहाटेच्या बसने आलोय. आणि मग स्वतःशीच पुटपुटला, "ही बया काय सोडत नाही!"

"बया नाही, रुचिरा," मी मराठीत म्हटलं.

बिचारा कानापर्यंत लाल झाला!

नागेश गुहागरचा. जुबैलच्या कारखान्यात इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन. मी रियाधला बँकेत, दादा-वहिनींकडे राहणारी. बोलता बोलता कळलं, आम्ही दोघंही एकाच ग्रुपबरोबर बोट्स्वानाला निघालो होतो... रानातल्या चित्त्यांचे फोटो काढायला. तो त्यासाठी तीन वर्षं पैसे साठवत होता.

"मग वाटून घेऊ," तो म्हणाला. "सकाळ तुमची, दुपार माझी."

"आणि चित्ता दुपारीच आला तर?"

"तर माझं नशीब. तुम्हाला फोटो दाखवीन की!"

चार दिवस चित्ता काही आला नाही. आम्ही जीपमध्ये शेजारी बसून धूळ खाल्ली, बिस्किटं खाल्ली, आणि एकमेकांची अख्खी शाळा-कॉलेजं ऐकली. पाचव्या सकाळी मात्र ती दिसली. वारुळावर ताठ उभी असलेली मादी. डोळ्यांपासून ओठांपर्यंत उतरलेल्या काळ्या रेघा, सोनेरी ऊन आणि पायाशी एक पिल्लू. मी कॅमेरा डोळ्याला लावला. गाईडने जीप आणखी पुढे घेतली. आता फक्त बटण दाबायचं...

"थांबा! जीप मागे घ्या," नागेश ओरडला.

"वेड लागलंय का तुम्हाला?"

"दुसरं पिल्लू पलीकडे राहिलंय. आपण मधे आलोय."

गाईडने मागे पाहिलं आणि मुकाट्याने जीप मागे घेतली. ऊन, चौकट, सगळं हातचं गेलं. मी रागाने त्याच्याकडे पाठ फिरवली. तेवढ्यात गवतातून चिवचिव ऐकू आली, अगदी पाखरासारखी. मादीने तशीच साद दिली. कापसाच्या बोळ्यासारखं पिल्लू धडपडत रस्ता ओलांडून तिच्या पोटाशी शिरलं, आणि ती त्याला चाटत राहिली.

कॅमेरा माझ्या मांडीवर तसाच पडून होता. डोळे भरून आले होते.

"फोटो गेला ना... माझ्यामुळे," तो हळूच म्हणाला.

"हो. आणि हे बघायला मिळालं, तेही तुमच्यामुळेच."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग बराच वेळ दोघंही उगाचच दुर्बिणीशी खेळत राहिलो.

परतल्यावर रोज मेसेज सुरू झाले. त्याची शिफ्ट, माझ्या मीटिंगा, वहिनीच्या हातची आमटी... 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते कळलंही नाही. आणि एक दिवस मेसेज अचानक थांबले. आठ दिवस काहीच नाही!

शुक्रवारी मी थेट जुबैलच्या किनाऱ्यावरून फोन लावला. "मी आलेय. तू येतोस की मी तुमच्या कामगारांच्या कॅम्पवर येऊ?"

तो वीस मिनिटांत आला. केस ओले, शर्टाचं एक बटण चुकलेलं.

"गप्प का झालास?"

"रुचिरा, एका खोलीत आम्ही चौघं राहतो. कंपनी म्हणाली खलास, की दुसऱ्या दिवशी घरी. तू कुठे, मी कुठे! तुझ्या दादांना काय सांगणार होतीस?"

"सांगून झालंय."

"काय?"

"की मला नागेश आवडतो. साडेचार तास गाडी चालवत मला इथे कोणी आणलं, असं वाटतं तुला?"

त्याने वळून पाहिलं. पार्किंगमध्ये दादा गाडीला टेकून उभा होता, आणि वहिनी बिनधास्त हात हलवत होती.

वाऱ्याने माझी ओढणी त्याच्या हातावर उडाली. त्याने ती सोडली नाही.

"मलाही... तू खूप आवडतेस," तो म्हणाला. "पण दादांशी बोलताना माझी बोबडी वळली, तर हसू नकोस हं!"

"हसणार!" मी म्हटलं, आणि त्याचं चुकलेलं बटण नीट लावून दिलं.