मध्यंतरानंतरची

दुपारची जेवणं झाली की पंचशीलाबाई टीव्हीवर तोच सिनेमा लावायच्या. दोन सारख्या तोंडांच्या माणसांचा हिंदी पिक्चर. एक कंपाउंडर, दुसरा बँडमास्तर. टांगेवाल्याच्या चुकीनं दोघं एकमेकांच्या घरी जाऊन पडतात आणि बायकांना पत्ताच नसतो की आपण कुणाला वाढतोय. नांदेडच्या त्या दोन खोल्यांत चार महिन्यांपासून हा गोंधळ रोज उडत होता, कारण तो बघताना आनंदराज हसायचे.

एरवी त्यांच्याजवळ फारसं काही उरलं नव्हतं. एसटीत जन्म काढलेला कंडक्टर. कंधार ते नायगाव सगळे थांबे झोपेत म्हणायचा, तो आता हातात चहा दिला की विचारायचा, "कुठं उतरायचं हाय?" लेक लुंबिनी लातूरला दवाखान्यात नर्स होती. जुनं काहीबाही दाखवत राहा, त्यानं ओळख टिकते, असं तिनंच सांगितलेलं. पंचशीलाबाईंचं मागणं तेवढंच होतं. सगळं विसरा, पण एक दिवस माझ्याकडं बघून 'आपण कोण?' म्हणू नका.

हा सिनेमा दोघांनी लग्नानंतर पंधरा दिवसांनी, चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात लातूरला बघितला होता, गंजगोलाईजवळच्या टॉकीजात. तिथं खुर्च्यांना नंबर नसत. रुमाल टाकून जागा धरायची, आणि मध्यंतरात बाहेर गेलं तर दारावरचा माणूस पुठ्ठ्याचा गेटपास हातात द्यायचा. तो दाखवल्याशिवाय परत आत सोडत नसत.

एके दुपारी आनंदराजांनी खिशातला रुमाल काढून शेजारच्या खुर्चीवर नीट पसरला.

"सारी उमर लोकांना म्हणलात, रुमालाला तिकीट न्हाई," पंचशीलाबाई हसल्या. "आता तुम्हीच का?"

"जागा धरलीय."

"कुणाची?"

"पंचीची. पाणी प्यायला गेलीय. येती आता."

"आणि मी कोण हाय मग?"

त्यांनी वळून पाहिलं. प्रवाशाच्या पासावरचा फोटो ताडून बघावा तसं. "तू नंतरची," ते म्हणाले, आणि पुन्हा पडद्याकडं बघून हसायला लागले.

म्हातारपणातलं बोलणं म्हणून बाईंनी ते सोडून दिलं. पण रुमाल रोज पडू लागला. आणि ज्याला सकाळचं आठवत नाही तो माणूस त्या दिवसाचं बारीकसारीक सांगू लागला. खुर्चीच्या खिळ्यात अडकून पंचीची निळी बांगडी फुटली. पंची इतकी हसली की पुढच्या रांगेतला पानवाला मागं वळून म्हणाला, "बाई, पिक्चर तिकडं हाय." पंचीनं खारे दाणे त्यांच्या सदऱ्याच्या खिशात ओतले.

पंचशीलाबाईंना यातलं काहीच आठवेना, आणि हे त्यांना झोंबलं. त्या मास्तरीण होत्या तेव्हा शाळेत त्यांच्या याददाश्तीला सगळे वचकून असत. त्र्याऐंशी सालच्या चौथीचा हजेरीपट त्या आजही एका दमात म्हणून दाखवत. मग त्या बसल्या आठवत.

अंधार आठवला. जमिनीवर पडलेला बॅटरीचा गोल उजेड आठवला. मुठीत घामानं मऊ झालेला गेटपास, आनंदराजांनी उचललेला रुमाल, "बस." पुढचा सिनेमा तर सबंध आठवला, शेवटी बाहेर पडल्यावर डोळ्यांवर आलेल्या उन्हासकट.

त्याच्या आधी काहीच नव्हतं.

असं कसं होईल? लग्न तर होतंच. पांढरी साडी, भन्तेजी, त्रिशरण. पण डोळ्यांपुढं यायचा तो भिंतीवरचा फोटो. फोटोतल्या मुलीच्या बांगड्या मोजता येत होत्या, त्या हातात किणकिणल्याचं मात्र आठवत नव्हतं. लहानपण आठवायचं तेही आईच्या आवाजात, कुणी दुसऱ्याचं सांगावं तसं. आणि लग्नानंतर पहिल्यांदा कंधारला माहेरी गेल्या तेव्हा आई, सरजाबाई, तोंडावरून हात फिरवता फिरवता थांबली होती. "लातूरचं पानी लागलं का गं तुला? येगळीच दिसून राहिलीस." तेव्हा सगळ्या बायका हसल्या होत्या. आईनं मात्र नंतर कधी तोंडावरून हात फिरवला नाही.

पंचशीलाबाईंचा भुताखेतांवर विश्वास नव्हता. मुलांनाही त्यांनी तेच शिकवलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सरळ रुमाल उचलला, घडी घातली आणि त्या खुर्चीवर बसल्या.

आनंदराज हसायचे थांबले.

"बाई," ते अदबीनं म्हणाले, "उठा तुम्ही. ती आली म्हंजे उगं तुम्हाला उभं राहावं लागंल."

पन्नास वर्षांत त्यांनी बायकोला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.

पंचशीलाबाई उठल्या. पाणी प्यावं म्हणून स्वयंपाकघरात गेल्या. बाहेर बँडमास्तर कंपाउंडरच्या बायकोची समजूत काढत होता. मग संगीत थांबलं. मध्यंतराची पाटी आली असावी.

"पंचे," आनंदराजांचा आवाज आला. "लई उशीर केलास गं."

त्या आवाजात कुठंही अडखळणं नव्हतं. पंचविशीतला आवाज होता तो.

त्या दाराशी आल्या. आनंदराज खुर्चीकडं वळून बसले होते. खुर्ची रिकामी होती. त्यांच्या हातात मोबाईल होता, पडद्याचा उजेड तोंडावर पडला होता, आणि त्यातून लुंबिनीचं हसू ऐकू येत होतं. लेकीशी बोलतायत, बाईंनी स्वतःला सांगितलं.

त्यांना आत जाववेना. चौकट धरून त्या तशाच उभ्या राहिल्या. आनंदराजांनी त्यांच्याकडं एकदाही पाहिलं नाही.

संध्याकाळी लुंबिनीचा फोन आला.

"आई, आज इतकं बरं वाटलं मला. बाबा किती दिवसांनी धड बोलले. आणि तू पण काय रंगात आली होतीस गं."

"मी?"

"ती कंधारची गोष्ट मला कधीच सांगितली नव्हतीस. सात वर्षांची असताना किल्ल्याच्या खंदकात पडलीस, मकबूलचाचांनी शेळीच्या दाव्यानं वर ओढलं. बाबा पोट धरून हसत होते."

पंचशीलाबाईंनी ही गोष्ट आयुष्यात ऐकली नव्हती.

"लुंबिनी, कवा सांगितली मी?"

"दुपारी, व्हिडिओवर. बाबांच्या बाजूला बसून. असं काय करतेस?"

पलीकडच्या खोलीत आनंदराज हळू आवाजात कुणाशी तरी बोलत होते. मधे मधे थांबत होते, ऐकत होते.

"हां, आणि विचारायचं राहिलंच," लुंबिनी म्हणाली. "तुमच्या मागं दारात एक म्हातारी बाई उभी होती. कामाला ठेवलीस का कुणी? बरं केलंस. नाव काय तिचं?"