राहून गेलेलं कडवं

वाल्पाराइसोच्या टेकडीवर आमचं छोटंसं रेडिओ केंद्र आहे. दर गुरुवारी दुपारी चार वाजता मी तिथून नवे अल्बम ऐकवतो. मोठ्या कंपन्यांचे नव्हेत. कुणी न्हाणीघरात बसून ध्वनिमुद्रित केलेले, कुणी आजीची लोकगीतं गिटारच्या गोंगाटात बुडवलेली. आठवड्याला वीसेक तरी येतात. त्यातले पंधरा दाढीवाल्या पोरांचे, आणि त्या पंधराही जणांना एकच मुलगी सोडून गेली असावी असं वाटतं. तरी मी प्रत्येक अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतो. मध्येच उठायचं नाही, हा माझा नियम. एके काळी मला त्याचा अभिमान होता.

एप्रिलमध्ये आकुलेओच्या तळ्याकाठच्या खेड्यातून एक अल्बम आला. रायेन नावाच्या मुलीने आपल्या आजोबांना, ओनोरिओंना, गायला बसवलं होतं. म्हाताऱ्याचा खरखरीत आवाज, पंचवीस तारांचं गितारोन आणि मागे तिने यंत्रावर काढलेली वाऱ्यासारखी घरघर. सातवं गाणं तान्ह्या बाळाच्या मरणाचं होतं. आमच्या खेड्यांत पूर्वी बाळ गेलं की त्याला पांढरे कपडे घालून खुर्चीत बसवत आणि गवई रात्रभर गात. गायचं ते बाळ होऊन. एकेका कडव्यात एकेकाचा निरोप घ्यायचा.

मी ते गाणं कार्यक्रमात लावलं आणि वर शहाणपणाही केला. "गाणं अप्रतिम आहे," मी म्हणालो, "पण आजोबांची एक चूक झालीय. अशा गाण्यात पहिला निरोप आईचा असतो. इथे वडील आहेत, मावशी आहे, अंगणातलं लिंबाचं झाडसुद्धा आहे. आईच राहून गेली."

घरी आलो तर माझी बायको माइते स्वयंपाकघरात रेडिओपाशी उभी होती.

"ते गाणं परत लाव."

"आज नको, माइते."

"रेनातो, मी रडत नाहीये. लाव."

आमचा गास्पार आदल्या जूनमध्ये गेला. चाळीस दिवसांचा होता. तेव्हापासून आमच्या घरात बाळाचा विषय निघाला की आम्ही दोघंही काहीतरी शोधायला दुसऱ्या खोलीत जायचो. मी गाणं लावलं.

दुसऱ्या कडव्यात बाळ मावशीला म्हणतं, भाजलेल्या हाताने उचललंस मला. माइतेच्या बहिणीचा उजवा हात लहानपणी भाजला होता. योगायोग, मी मनाशी म्हटलं. भाजलेले हात घरोघरी असतात.

तिसऱ्यात ते वडिलांना म्हणतं, तुमच्या कानांवर दुसऱ्याचं गाणं होतं, म्हणून माझी हाक ऐकू आली नाही. असू दे, मी रागावलो नाही.

इस्पितळातून फोन आले तेव्हा मी हेडफोन लावून कुणाचा तरी नवा अल्बम ऐकत होतो. नियमाप्रमाणे, शेवटपर्यंत. अकरा फोन वाजून गेले होते. माइतेला मी सांगितलं होतं, रस्त्यात अडकलो. आजवर कुणालाच खरं सांगितलेलं नव्हतं.

"मला माहीत होतं," ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

शेवटच्या कडव्यात बाळ आपलं नाव सांगतं. चिंकोल. आमच्याकडच्या चिमणीचं नाव. कागदावर तो गास्पार होता. चिंकोल आम्ही दोघंच म्हणायचो, तेही खोलीचं दार लावून. दुपारी हे शब्द माझ्या कानांवरून कसे निसटले, ते मला आजही सांगता येत नाही.

त्यानंतर माइते बरी होत गेली. कितीतरी महिन्यांनी तिने केस नीट विंचरले. भांडी घासताना गुणगुणायला लागली. आमच्याकडे थंडी जूनमध्ये पडते; ती तोंडावर आलेली असताना आपला लोकरी कोट तिने बहिणीला देऊन टाकला. मला हायसं वाटायला हवं होतं.

"म्हातारा आईलाच विसरला. वाईट नाही वाटत?" मी एकदा विचारलं.

"विसरला कुठे?" ती हसली. इतकं मोकळं हसताना मी तिला वर्षभरात पाहिलं नव्हतं, आणि मला भीती वाटली. त्याच क्षणी ठरवलं, काही झालं तरी आईचं कडवं बांधून आणायचं.

आकुलेओचं तळं आटून गेलेलं होतं. होड्या बांधायचा धक्का गवतात उभा होता आणि त्याला कुणीतरी घोडा बांधला होता. मी हाक मारली तशी रायेनने मला आवाजावरूनच ओळखलं.

"आजोबा, आला बघा तुमची चूक काढणारा!"

"या, या," ओनोरिओ म्हणाले. "माझी चूक काढायला एवढ्या लांबून आलात? आमच्या या नातीला तर ते बसल्या जागेवरून जमतं."

मी हसलो नाही. माझ्या मुलाबद्दल तुम्हाला कुणी सांगितलं, असं सरळ विचारलं. रायेन गोंधळली. तिने यंत्र उघडून ध्वनिमुद्रणाची तारीख दाखवली. गेल्या वर्षीचा बारा मार्च.

गास्पारचा जन्म एप्रिलअखेरचा.

"आजोबा, आईचं एक कडवं बांधून द्या," मी म्हणालो. "पाया पडतो तुमच्या."

त्यांनी गितारोन मांडीवर घेतलं. पंचवीस तारा एकेक करून जुळवल्या. तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं.

"येत नाही, पोरा."

"असं कसं? चार ओळी तर हव्यात."

"मी रचत नाही रे. बाळ सांगतं तेवढंच म्हणतो." त्यांनी तारांवर हात ठेवला. "निरोप मागे राहणाऱ्यांचा घेतात."

"आजोबा!" रायेन ओरडली. म्हाताऱ्याने गितारोन बाजूला ठेवलं.

बाहेर येऊन मी घरी फोन लावला. बराच वेळ वाजला. मग माइतेचा आवाज आला, आमची नवी ओळख झाली तेव्हाचा, हलका.

"निघालोय मी. सहापर्यंत पोचतो. बहिणीला बोलावून घे तोवर."

"तिला कशाला उगाच त्रास? तू सावकाश ये."

"माइते, ऐक माझं—"

"अरे हो, येताना पाव आण. घरातले संपलेत."

"किती आणू?"

"एक पुरे," ती म्हणाली. "तुझ्यापुरता."