वड्यांचा डबा

मसाल्याच्या कारखान्यात तिला सगळे चवमावशी म्हणत. बावीस वर्षं झाली, तिच्या जिभेने होकार दिल्याशिवाय एक पाकीट बाहेर पडत नसे. मीठ चिमूटभर जास्त असो की धने जुने असोत, चमचा तोंडात गेला की बाई सांगून मोकळी. "जीभ आहे की पोलीस?" साहेब म्हणायचे.

नवं दळणयंत्र बघायला कंपनीने तिला आठ दिवस परदेशी धाडलं, तेव्हा सासूबाईंनी वड्यांचा डबा बरोबर दिला. पाक दरवेळी एक चटका जास्त लागलेला; त्यांची ती खोड काही गेली नाही. मावशीने डबा बॅगेत टाकला आणि ठरवलं, तिकडे जे पुढ्यात येईल ते खायचं, आणि त्यात काय काय घातलंय ते वहीत लिहायचं.

हॉटेलमागच्या गल्लीत चार टेबलांची खानावळ होती. पहिल्या दुपारी वाटीत पांढरं, मऊ, वाफाळतं काहीतरी आलं. मावशीने घास घेतला, डोळे मिटले, वही उघडली. काही सुचेना. आंबट म्हणावं तर आंबट नाही, खारट म्हणावं तर तेही नाही. समोर स्वयंपाकीण उभी होती, पन्नाशीची, कोरड्या चेहऱ्याची. ती मावशीच्या तोंडाकडे बघत होती, आणि मावशी चावेल तसे स्वतःचे ओठ हलवत होती.

"ही कधी चाखून बघत नाही," सोबतचा दुभाषी म्हणाला. "जन्मापासून हिला चवच कळत नाही. सगळं अंदाजाने."

"अगं बाई! आणि लोकांना खायला घालते?" मावशी हसली, पण वाटी संपवली.

हार मानेल तर ती चवमावशी कसली! दुसऱ्या दिवशी गेली, तिसऱ्या दिवशी गेली. वही कोरीच. चौथ्या दिवशी हॉटेलचा चहा नुसतं गरम पाणी लागला. साखर घातली, आणखी घातली. इथल्या साखरेतच दम नाही, असं तिने मनाला बजावलं खरं, पण दिवसभर पाय एका जागी ठरेना.

पाचव्या दुपारी स्वयंपाकिणीने पातेल्यात बोट बुडवलं आणि चाटलं. थबकली. पुन्हा चाटलं. मग चिमूटभर मीठ घातलं आणि तिथेच ढसाढसा रडायला लागली. दुभाष्याचा घास हातातच राहिला.

मावशी उठली ती खोलीवर पळाली. डबा उघडून वडी तोंडात टाकली. ओला पुठ्ठा चघळावा तशी. ना गोडी, ना तो करपट चटका. जीभच गेली तर आपलं राहिलं काय? डबा हातात तसाच धरून ती खानावळीत परतली.

"सांग तिला," ती दुभाष्याला म्हणाली, "माझं मला परत दे म्हणावं."

"काय परत दे?"

स्वयंपाकीण हसली आणि भरलेली वाटी पुढे केली.

मावशी तिथून जी निघाली ती थेट सामान भरायला. वड्यांचा डबा खानावळीच्या टेबलावरच राहिला.

घरी आल्यावर डॉक्टर म्हणाले, जीभ ठणठणीत आहे. सासूबाईंनी विचारलं, "वड्या आवडल्या का गं?"

"हो तर," ती म्हणाली.

सोमवारी नवा माल तयार झाला. झणझणीत मसाला, मोठ्या गिऱ्हाइकाचा. साहेबांसकट सगळे तिच्याभोवती जमले. रंग बघायचा, वास घ्यायचा आणि ठोकून द्यायचं, असं तिने ठरवलंच होतं. तिने चमचा तोंडात घातला.

काही नाही.

मग हळूच चव आली. जिभेवर साखर विरघळत होती. पाक एक चटका जास्त लागलेला.

"बोला मावशी," साहेब म्हणाले. "कसा झालाय?"

"गोड," ती म्हणाली.

कुणीच हसलं नाही. तिने चमचा खाली ठेवला. तोंड रिकामं होतं, तरी तिचे ओठ हलत राहिले, दुसरं कुणी चावेल तसे.