राहिलेला रात्रीचा धडा

सगळ्या वाटा ज्याच्या पायाशी जाऊन थांबतात, त्या मायबापाला आधी नमस्कार असो. भयाची गोष्ट सांगतानाही नाव त्याचेच घेऊन बसावे, म्हणजे ऐकणाऱ्याला घरी परतताना सोबत राहते.

दाराशी बसलेल्यांनी जरा आत सरकावे. ही गोष्ट आमच्या चांगल्या परिचयातल्या एका घड्याळजींची आहे. बाजाराच्या गल्लीत त्यांचे लहानसे दुकान, आणि दुकानामागेच दोन खोल्यांचे घर. डोळ्याला भिंग लावून, चिमट्याने केसाएवढी स्प्रिंग जागेवर बसवणारा हा माणूस. त्यांच्या हाताला कंप म्हणून ठाऊक नव्हता. तेच हात वयाच्या चौपन्नाव्या वर्षी गाडीच्या स्टिअरिंगवर थरथरू लागले.

गाडीची हौस त्यांना कधीच नव्हती. पत्नीची मूत्रपिंडे थकली होती आणि आठवड्यातून तीनदा, सव्वीस किलोमीटरवरच्या मोठ्या इस्पितळात, तिला डायलिसिससाठी न्यावे लागे. जाताना ती बसने कशीबशी जाई. येताना मात्र उभ्याउभ्या तिचे डोळे मिटू लागत. एकदा ती बसच्या पायरीवरच बसली, तेव्हा कंडक्टरने ही बाई प्यायली आहे काय, अशी चौकशी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान न उघडता घड्याळजी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन उभे राहिले.

तिथले मास्तर साठीचे, काडीसारखे बारीक, पायात कायम पांढरे कॅनव्हासचे बूट. शिकवणीच्या गाडीला डावीकडेही एक क्लच आणि एक ब्रेक असतो, हे तुम्ही पाहिले असेल. मास्तरांनी डावीकडचा ब्रेक दाबला की शिकणाऱ्याच्या पायाखालचा ब्रेकही आपसूक खाली जाई. आणि गाडी थांबली की मास्तर एकच प्रश्न विचारीत: गाडी कुणाच्या ताब्यात? विद्यार्थ्याने ‘माझ्या’ म्हणावे, मग मास्तर पाय उचलीत. ‘माझ्या नाही’ म्हटले, तर डावीकडे बसूनच ते गाडी सुखरूप परत आणीत, आणि त्यात कसला कमीपणा नसे. खोटे उत्तर मात्र त्यांना चालत नसे. घड्याळजींनी एकदा एका ट्रकसमोरून वाचल्यावर घाईघाईने ‘माझ्या’ म्हटले, तर मास्तरांनी पाच मिनिटे पाय उचलला नाही.

“घड्याळजी, तोंड एक सांगतंय, गुडघा दुसरंच सांगतोय,” मास्तर म्हणाले. “गुडघ्याला विचारून सांगा.”

शेवटचा धडा रात्रीचा असे. रस्ता निर्मनुष्य झाल्यावर मास्तर विद्यार्थ्याला त्याच इस्पितळाच्या रस्त्याने नेत. तो धडा होईपर्यंत अंधार पडल्यावर गाडीला हात लावायचा नाही, ही त्यांची सक्त ताकीद होती. घड्याळजींचा तेवढाच धडा राहिला. तो होण्याआधीच, इस्पितळातल्या एका नर्सला रात्रीच्या धड्यासाठी घेऊन गेले असताना, बंद पडलेल्या पेट्रोल पंपासमोर मास्तरांच्या छातीत कळ आली आणि ते बसल्या जागी गेले. गाडी रस्त्याच्या मधोमध थांबलेली होती. नर्सला ओरखडासुद्धा उठला नव्हता.

पुढे मास्तरांच्या घरच्यांनी शाळा बंद केली आणि गाडी विकायला काढली. डावीकडची पेडले काढून, भोकांवर पत्रा ठोकून, वर नवे मॅट अंथरले. घड्याळजींनी हीच गाडी घेण्याचे मनात धरले.

गाडी घ्यायची म्हटल्यावर सल्ल्यांना काय तोटा. सगळ्यांत वरचढ त्यांचा मेहुणा, त्याचे गाड्यांच्या सुट्या भागांचे दुकान. त्याने आल्याआल्या कानमंत्र दिला, की गाडी भर उजेडात पाहावी. इंजिन गार असतानाच सुरू करायला लावावे. दारांची रबरे उचलून गंज शोधावा. आणि विकणारा फार गोड बोलू लागला, तर चाके दुसऱ्यांदा तपासावीत. हे सगळे त्याने केले. ऑइल बोटांवर घेऊन हुंगले. डावीकडचे मॅट उचलून पत्र्यावर टकटक केली आणि पक्का आहे म्हणाला. तरीही त्याचे मन घेईना.

“दाजी, शिकवणीची गाडी घेऊ नये. हिच्या क्लचवर हजार जण नाचून गेलेत.”

“हिला माझ्या पायाची ओळख आहे.”

“तुमच्या नाही, मास्तरांच्या पायाची आहे. तुमचा पाय आपला हजेरी लावायला होता.”

यावर घड्याळजींची पत्नी हसली. कितीतरी दिवसांनी हसली. त्या हसण्यापायी गाडी घरात आली, असे म्हटले तरी चालेल.

चार महिने ठीक गेले. दिवसाउजेडी जायचे, दिवसाउजेडी यायचे. बंद पेट्रोल पंपासमोर मात्र ब्रेकचे पेडल जाता-येता सुताएवढे आत जाई, जणू त्यावर कुणी नुसता पाय टेकवला आहे. मेहुण्याने ब्रेकच्या नळीत हवा शिरली असेल म्हणून ती दोनदा काढून दिली. पत्नी पहिले काही दिवस पुढे बसे. मग एकदा न विचारताच मागे जाऊन बसली.

घड्याळजींनी कारण विचारले.

“पुढं दाटी होते,” ती म्हणाली, आणि खिडकीबाहेर पाहू लागली.

डावीकडची सीट रिकामी होती.

मग ती रात्र आली. फेब्रुवारीतला दुसरा मंगळवार. रात्री साडेदहाच्या सुमारास पत्नीला श्वास पुरेना. आडवे होता येईना, बसवेना. छातीत पाणी साचते तेव्हा असेच होते, हे इस्पितळात त्यांना सांगून ठेवलेले होते. आणि तसे झाले तर क्षणाचाही उशीर करू नका, हेही. मेहुणा माल आणायला परगावी. अँब्युलन्स एकच, ती दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेलेली, यायला तास लागेल म्हणाले. शेजारी गोळा झाले, पण गाडी चालवता येणारे त्यांत कुणी नव्हते.

घड्याळजींनी पत्नीला उशा लावून मागच्या सीटवर बसवले. किल्ली लावताना त्यांना मास्तरांची ताकीद आठवली. त्यांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिले. अकरा वाजून अठरा मिनिटे.

रस्ता ओळखीचा होता, आणि नव्हताही. दिव्याच्या उजेडापुढे काही नव्हते. मागून श्वास ऐकू येत होता. ओढलेला. ओला. घड्याळजी त्या श्वासाच्या मापाने गाडी चालवत होते. तो अडखळला की त्यांचा पाय ॲक्सिलरेटरवर जड होई. तोंडाने देवाचे नाव चालू होते आणि मध्येच तुटत होते.

आठवा किलोमीटर संपला. डाव्या हाताला बंद पंपाचे छप्पर दिसले.

ब्रेकचे पेडल खाली गेले.

सुताएवढे नव्हे. पुरते. जमिनीला टेकेपर्यंत.

गाडी जागच्या जागी उभी राहिली. इंजिन हिसका देऊन बंद पडले. घड्याळजींचा पाय ब्रेकवर नव्हता. त्यांनी खाली वाकून पाहिले. पेडल दाबलेले होते, आणि त्यावर काहीही नव्हते.

अकरा एकतीस.

त्यांनी गाडी सुरू केली. गिअर टाकला. क्लच सोडला. गाडी थरथरली आणि बंद पडली. पुन्हा केले. पुन्हा बंद. त्यांनी पेडलाच्या मागे बोटे घालून ते वर ओढले. लोखंड गार होते, आणि पलीकडून कुणाचे तरी वजन होते. माणसाच्या पायाएवढे वजन. अंगावर येणारे नव्हे. रागाचे नव्हे. नुसते... धरून ठेवलेले.

“अहो,” मागून पत्नी म्हणाली. “मागं रस्ता लाल दिसतोय.”

त्यांनी आरशात पाहिले. मागचे दोन्ही ब्रेकचे दिवे लागले होते. रिकामा रस्ता लांबवर लाल झाला होता.

“काही नाही गं. निघतोय आपण.”

तिने उशीला डोके टेकले. श्वास ओढला. सोडला. मग अगदी हळू, आजारी माणूस पाहुण्याची बाजू घेतो तशी, म्हणाली,

“ते विचारतायत ना... उत्तर द्या की त्यांना.”

“कोण?”



डावीकडची सीट रिकामी होती. घड्याळजी त्या सीटकडे पाहत राहिले. सीट... जराशी दबलेली होती.

“माझ्या,” ते म्हणाले. “गाडी माझ्या ताब्यात आहे, मास्तर.”

पेडल हलले नाही.

त्यांनी हँडब्रेक ओढला. गिअर काढला. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, शिकवले होते तसे. पुन्हा म्हणाले. पेडल हलले नाही. मग ते ओरडले. मास्तरांना वाटेल ते बोलले. पाया पडले. देवालाही बोलले. बाहेर झाडाचे पान वाजत नव्हते. मागचा श्वास आता मधेमधे ऐकू येत नव्हता, आणि प्रत्येक वेळी पुन्हा सुरू होईपर्यंत...

त्यांनी आपल्या गुडघ्याकडे पाहिले. तो लटलट कापत होता.

केसाएवढी स्प्रिंग बसवणारा तो माणूस स्टिअरिंगवर डोके टेकून रडला.

“माझ्या ताब्यात नाही, मास्तर,” ते म्हणाले. “गाडी नाही... आणि हीसुद्धा नाही.”

पेडल वर आले. सावकाश. थकलेला माणूस पाय मागे घेतो, तसे.

अकरा बेचाळीस.

पुढचे त्यांना फारसे आठवत नाही. हात स्टिअरिंगवर होते, एवढे खरे. क्लच आपोआप दबत होता. वळण आले की वेग आपोआप कमी होत होता. त्यांचे दोन्ही पाय शेवटपर्यंत जमिनीवर टेकलेले होते. बारा वाजून चार मिनिटांनी गाडी इस्पितळाच्या दाराशी, खुणेच्या पट्टीवर, नेमकी उभी राहिली.

पहाटे चार वाजून पन्नास मिनिटांनी पत्नी गेली.

घड्याळजींनी डॉक्टरांना एकच गोष्ट विचारली, की अकरा मिनिटे आधी पोहोचलो असतो तर. डॉक्टर भले होते. त्यांनी होय म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. नुसता घड्याळजींच्या खांद्यावर हात ठेवला. आयुष्यभर सेकंदांची चूक पकडणाऱ्या माणसाला त्या अकरा मिनिटांचे मोल कधीच कळायचे नव्हते.

रात्रपाळी संपवून निघालेल्या एका नर्सने दाराशी ती गाडी पाहिली आणि ती जागीच थबकली. ही तीच, मास्तरांच्या अखेरच्या धड्याची विद्यार्थिनी. ती घड्याळजींच्या शेजारी बाकावर येऊन बसली आणि जे तिने कुणाला सांगितले नव्हते ते सांगू लागली. कळ आली तरी मास्तरांनी ब्रेक दाबून धरला, म्हणून ती वाचली. मग नेहमीसारखे त्यांनी विचारले, गाडी कुणाच्या ताब्यात. ती घाबरून दार उघडून पळाली. लोकांना घेऊन परतली तेव्हा मास्तर गेलेले होते, आणि पाय ब्रेकवरच होता. तो उचलायला दोघे जण लागले.

“मी उत्तरच दिलं नाही हो, काका,” ती म्हणाली.

सकाळी परगावाहून मेहुणा थेट इस्पितळात आला. बहिणीचे सगळे आटोपल्यावर, दोन दिवसांनी, तो गाडी आणायला गेला. इंजिन सुरू झाले, पण गाडी तसूभर हलेना. शेवटी ती ट्रकवर घालून घरी आणावी लागली. घरामागच्या अंगणात जॅक लावून चाके उचलली, की ती हाताने गरगर फिरत. जमिनीला टेकवली, की घट्ट. मेहुण्याने चारही ब्रेक खोलून पाहिले. दोष सापडला नाही. गाड्यांविषयी ज्याच्यापाशी सल्ल्याला कधी तोटा नव्हता, तो तिथेच जमिनीवर बसून राहिला. मग निदान बॅटरी तरी वाया जाऊ नये म्हणून ती काढून तो आपल्या दुकानात घेऊन गेला.

महिना गेला. पुन्हा दुसरा मंगळवार आला. घड्याळजींना झोप नव्हती. ते टेबलाशी बसून एक जुने घड्याळ खोलत होते. मागच्या खिडकीतून टेबलावर उजेड आला.

लाल.

ते अंगणात गेले. गाडीची पाठ भिंतीकडे होती. भिंतीवर दोन लाल दिव्यांचा उजेड पडला होता, स्थिर, न लुकलुकता. त्यांनी बॉनेट उघडले. बॅटरीची जागा रिकामी होती. दोन तारा, टोकांना चिंधी बांधलेल्या, लोंबत होत्या.

त्यांनी मनगटाकडे पाहिले. अकरा एकतीस.

ते पायरीवर बसले. गाडी कुणाच्या ताब्यात, हे या वेळी कुणी विचारले नाही...

अकरा बेचाळीसला भिंत काळी झाली.

बाळांनो, आता उठा. ज्याच्या पायाच्या भरवशावर आपण सगळे निर्धास्त चालतो, त्या कृपाळू मायबापाचा पाय तुम्हा प्रत्येकाच्या गाडीवर, आणि तुमच्या प्रत्येकाच्या घरावर, संकटाच्या वेळी घट्ट राहो. आणि उचलायची वेळ आली, की वेळेवर उचलला जावो. सावकाश जा. सगळ्यांच्या घरचा दिवा तेवता असो.