दुसऱ्या बाजूचा हातोडा

तुमच्या गाडीचा सुटा भाग उद्या दुपारी येईल. तोवर बसा इथेच. मघापासून तुम्ही पलीकडच्या शेडमधल्या जुन्या गाडीकडे बघताय, म्हणून सांगतो. गेल्या सोमवारी मी तिचं स्टिअरिंग खोललं. काम साधंच होतं.

गाडी माझ्या दादाची. अकरा वर्षं जागची हलली नव्हती. दादाची मुलगी आता वीस वर्षांची झाली. तिने पत्रा आणि इंजिन बाहेरून करून आणलं, आणि वहिनी माझ्याकडे आली. "भाऊजी, स्टिअरिंग तेवढं तुम्हीच करा. दुसऱ्या कुणाचा मला भरवसा नाही." मी मान डोलावली. दुसरं काय करणार होतो?

स्टिअरिंगच्या दांडीच्या टोकाला एक निमुळता खिळा असतो. तो चाकाजवळच्या लोखंडी भोकात घट्ट बसतो. त्यावर नट, आणि नट फिरू नये म्हणून त्यात आरपार एक पिन. पिनचे पाय वाकवले की काम संपलं. करंगळीपेक्षाही लहान वस्तू. पण खिळा एकदा गंजून धरला की सुटता सुटत नाही. मग दोन माणसं लागतात. एकाने भोकाच्या मागे जड हातोडा टेकवून धरायचा, दुसऱ्याने पुढून ठोकायचं. दादा धरायचा, मी ठोकायचो. वर्षानुवर्षं तसंच चाललं होतं.

अपघाताच्या आदल्या दिवशी आम्ही याच गाडीचं हेच काम केलं. उजवीकडचा नट मी आवळला. दादाने पिन माझ्या तळहातावर ठेवली. म्हणाला, "ही घाल आणि जेवायला ये." सकाळीच आमची जुंपली होती, गॅरेजच्या पाटीवर कुणाचं नाव वर लिहायचं यावरून. बघा, कशावरून भांडतो माणूस. मी पिन शर्टाच्या खिशात टाकली आणि तणतणत घरी निघून गेलो. दुसऱ्या दिवशी दादा पोरीला घेऊन निघाला. वळणावर गाडी वळलीच नाही. दादा जागच्या जागी गेला. पोरगी नऊ वर्षांची होती, तिचा पाय कायमचा अधू झाला.

ओढून आणलेल्या गाडीखाली सगळ्यांत आधी मी शिरलो. नट नव्हता, दांडी लोंबत होती. मी ती ठोकून परत बसवली, नवा नट आवळला, नवी पिन घातली. बाहेर येऊन सांगितलं, "गाडीत काही दोष नाही. दादाचा डोळा लागला असणार." माझ्या शब्दावर कोण शंका घेणार? ती जुनी पिन शर्टाच्या खिशातच होती, ती मी नाल्यात फेकली. तेव्हापासून पोरगी बापाचं नाव काढत नाही. माझ्यामागे मात्र काका काका करत फिरते.

तर सोमवारी दुपारी मी शेडमध्ये एकटाच होतो. डावीकडचा सांधा, दादाने बसवलेला, चार ठोक्यांत सुटला. उजवा हलेना. तेल सोडलं, आच दिली, जळक्या ग्रीसच्या वासाने डोकं भणभणलं. मागे धरायला कुणी नसलं की ठोका पोकळ येतो. थड... थड... सगळा जोर वाया जातो. घाम डोळ्यांत जात होता, तरी मी ठोकत राहिलो.

आणि मग आवाज बदलला. ठण्ण.

मी हात आवरला. जळक्या वासात लवंगेचा वास मिसळला होता. दादा दिवसभर लवंग चघळायचा.

"दादा..." मी हळूच म्हटलं.

 लोखंड पलीकडून किंचित दाबलं गेलं. मी तयार आहे, मार, हे सांगायला दादा तसंच दाबायचा. वाकून पलीकडे बघायची माझी छाती झाली नाही. मी डोळे मिटले आणि मारलं. खिळा अलगद सुटला. उठून बघितलं तर जड हातोडा भिंतीवर त्याच्या खुंटीलाच टांगलेला होता. हात लावला, गरम लागला.

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आली. हातात दोन कप. "मदतीला कुणाला बोलावलंत, भाऊजी?"

"कुणालाच नाही."

तिने भिंतीवरच्या जड हातोड्याकडे बघितलं. "दोन हातोड्यांचा आवाज होता. संसार केला मी त्या आवाजात." मग खाली बघून म्हणाली, "आज एकदाच विचारते. ते... खरंच झोपले होते?"

आता सांगायचं, असं मी मनाशी म्हटलं. आणि तोंडातून आलं, "हो वहिनी. गाडीत काही नव्हतं."

तिने दुसरा कप गाडीच्या टपावर ठेवला आणि ती गेली. मी घाम पुसायला खिशातून रुमाल काढला, तर त्याबरोबर पिन बाहेर आली. नवी कोरी, पाय न वाकवलेली.

मी नवे सांधे बसवले. उजवीकडे तीच पिन घातली, पाय नीट वाकवले, तीनदा हात फिरवून बघितला. मंगळवारी सकाळी धुतलेला शर्ट घातला, तर पिन खिशात. सरळ. गाडीखाली जाऊन बघितलं, नटाचं भोक रिकामं. परत घातली. बुधवारीही तेच. गुरुवारी पिनऐवजी तार ओवली. शुक्रवारी तार नव्हती, आणि पिन खिशात होती.

आज पोरीला म्हटलं, ही गाडी नको नेऊस. म्हणाली, "का? कारण सांगा, काका." मी काय सांगणार? किल्ली लपवली तर तिच्याकडे दुसरी निघाली. "उद्या सकाळी निघतेय मी," म्हणाली. "त्याच रस्त्याने. बाबांसारखी झोपणार नाही मी."

हा माझा खिसा. हात घालून बघा, लाजू नका. लागली ना हाताला?

ती समोरची खिडकी वहिनीची. जागी आहे ती. इथून पंधरा पावलं असतील. तासाभरापूर्वी मी तिच्याकडेच निघालो होतो, वाटेत तुम्ही भेटलात.